शेवटची पन्नास चित्रं

१

पडद्यावरचं मूल झोपलं, ते उठलंच नाही.

मुलांच्या रुग्णालयातली पाच डॉक्टरमंडळी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता स्टुडिओत येऊन बसली होती. चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म होती, ऑपरेशनला घाबरणाऱ्या मुलांना दाखवायची. नाकावर मास्क येतो, मूल आकडे मोजतं, पापण्या मिटतात आणि शेवटी डोळे उघडून ते आईकडे बघून हसतं. पण हसण्याची वेळ आलीच नाही. मूल पांढऱ्या चादरीखाली तसंच पडून राहिलं आणि पडदा काळा झाला. शेवटची पन्नास चित्रं तयारच झाली नव्हती.

"हे पाहून पोरं ऑपरेशनच्या टेबलावर चढतील, की खिडकीतून उड्या टाकतील?" मुख्य डॉक्टरीणबाई उठल्या. "गुरुवारी पुन्हा येतो. त्याआधी हे कशामुळे झालं ते लेखी कळवा. नाहीतर दुसरे लोक आहेत आमच्याकडे."

सोमवारी सकाळी स्टुडिओच्या साहेबांनी स्क्रूताईला बोलावलं.

स्क्रूताई म्हणजे लॅपटॉप दुरुस्त करणारी बाई. काम करताना हरवू नये म्हणून स्क्रू ओठांत धरायची, त्यावरून हे नाव पडलं आणि खरं नाव लोक विसरूनही गेले. पंचेचाळिशी ओलांडलेली. दुकानामागच्याच खोलीत राहायची. आई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून भंगारातला एक लॅपटॉप ती उगाचच चालू ठेवायची. त्याच्या पंख्याची घरघर असली की खोलीत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी होतं, अशातलाही भाग नाही.

जिन्यात पुठ्ठ्याचे आणि सुतळीचे तुकडे पडले होते. वॉचमन कुरकुरत झाडत होता.

"सांभाळून या, ताई. वरच्या बिऱ्हाडानं शनिवारी घर हलवलं आणि कचरा माझ्या पदरात टाकला. संध्याकाळी पाचपर्यंत नुसती चढउतार. त्यांचं ते चिमुरडं दर खेपेला पायऱ्या मोजत उतरायचं. तेही धड नाही, मधला तीन गिळून टाकतं कार्टं!" आणि मग झाडू थांबवून तो म्हणाला, "आज जिना कसा भकास वाटतो."

वरच्या मजल्यावर दोनच दारं. एक स्टुडिओचं. दुसऱ्याला कुलूप, पाटी काढल्याची फिकट चौकोनी खूण, आणि गुडघ्याच्या उंचीवर चिकटवलेला एक कागदी मासा.

"मला फार काही नको, ताई," साहेब म्हणाले. "हे कुणीतरी मुद्दाम केलंय, एवढंच लिहून द्या. कुणी केलं ते मला ठाऊक आहे." त्यांनी खण उघडून बंद पाकीट दाखवलं. "छोटीला काढल्याचं पत्र. संध्याकाळी सहाला तिच्या हातात देणार."

२

छोटी म्हणजे स्टुडिओतली सगळ्यात लहान मुलगी, फिल्मची सारी हलती चित्रं करणारी. नवरा सहा-सहा महिने जहाजावर, घरी दीड वर्षाचं मूल, आणि घर चालायचं ते या नोकरीवर.

ही चित्रं तयार करणारा मोठा लॅपटॉप आतल्या खोलीत होता. तिथं एकच लांब टेबल. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला ड्रॉइंगबाई. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता फिल्ममधली झाडं, घरं, आभाळ कागदावर रंगवून द्यायच्या. एकट्या राहणाऱ्या, साठीच्या पुढच्या. "या," एवढंच म्हणून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला.

स्क्रूताईनं लॅपटॉप उचलून साहेबांच्या खोलीत आणला. पंखा स्वच्छ होता, मागच्याच महिन्यात तिनं स्वतः पुसला होता. चार्जर ठीक. बटणांवर मात्र रंगाचे पुसट निळे ठसे होते. एक, शून्य आणि नऊ, या तीनच आकड्यांवर. रंगाच्या टेबलावर राहणारं यंत्र, रंग लागायचाच. तिनं ते मनात ठेवलं आणि पुढे गेली.

एकेका चित्राला किती सेकंद लागले याची यादी लॅपटॉप स्वतःच ठेवत होता. शनिवारी सकाळी नऊला काम लागलं. शेवटच्या प्रसंगाची सातशे वीस चित्रं, दर चित्राला पस्तीस सेकंद. चारला सगळं आटपायला हवं होतं. पण एक वाजून दहा मिनिटांनी पस्तीसचे सत्तावन्न झाले, ते शेवटपर्यंत.

"छोटी एकला निघाली," साहेब म्हणाले. "पाळणाघर शनिवारी लवकर बंद होतं म्हणे. आणि ती गेल्यावर दहा मिनिटांत हे. आता बोला!"

"यंत्र तापलं असेल असं नाही वाटलं तुम्हाला?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"प्रोसेसरचा एक नेमाचा वेग असतो, साहेब. पण चार्जर लावलेला आहे, अंग थंड आहे, काम समोर पडलंय असं दिसलं की तो आपणहून वेग वाढवतो. जवळजवळ दुप्पट. त्याला बूस्ट म्हणतात. मूल झोपलं की आई कशी दोन हातांनी चार हातांची कामं उरकते, तसं. तापला की पुन्हा सावकाश. ग्राफिक्सची चिपही अशीच."

"मग तापलाच असेल."

"तापला असता तर आकडे वरखाली झाले असते. धावतो, दमतो, निवतो, पुन्हा धावतो. इथे बघा, सत्तावन्न, सत्तावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. पट्टीनं रेघ मारल्यासारखं."

"चार्जर काढला असेल कुणीतरी."

"मग दीड तासात बॅटरी संपून सगळंच बंद पडलं असतं. आणि बॅटरीवर दोन्ही चिपा मंदावतात. ही खरी गंमत आहे." तिनं बोट ठेवलं. "दर चित्राचे दोन भाग. आधी प्रोसेसर केस, चादरीच्या चुण्या, सगळं मांडून देतो. त्याला तेवीस सेकंद लागायचे, त्याचे शेहेचाळीस झाले. मग ग्राफिक्सची चिप उजेड आणि सावल्या भरते. तिला बारा लागायचे. तिचे झाले अकरा."

"अकरा? म्हणजे ती जास्तच पळायला लागली?"

"दोघांना थंड करायला तांब्याची नळी एक आणि पंखे तेच. एका पांघरुणात दोन भावंडं झोपलेली. एकानं अंग चोरलं की दुसऱ्याच्या वाट्याला जास्त येतं. कुणीतरी फक्त प्रोसेसरचा बूस्ट बंद केला, तोही हातानं, आणि जाताना परत चालू करून ठेवला. आत्ता तो चालू आहे." स्क्रूताईनं मान हलवली. "वाटोळं करायला आलेला माणूस सरळ फाईल पुसून टाकतो. ज्यानं हे केलं त्याला फिल्म बुडवायचीच नव्हती. त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं."

"काय?"

"तेच तर कळत नाहीये."

३

छोटी बाहेरच्या खोलीत पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. डोळे सुजलेले.

"माझ्याविरुद्ध लिहून देणार ना, ताई?"

"दिसेल ते लिहिणार. बूस्ट कसा बंद करायचा, ठाऊक आहे तुला?"

नाही म्हणाली असती तर कुणी पकडणार नव्हतं. छोटीनं पेला खाली ठेवला.

"आहे. सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वेगापुढे शंभर असतात, त्याचे नव्व्याण्णव करायचे, बस. तीन महिन्यांपूर्वी पाळणाघर आठवडाभर बंद होतं, तेव्हा बाळाला इथं आणत होते. आतल्या खोलीत दुपट्यावर झोपायचं. पंखा भणाणला की दचकून उठायचं. मग मी तेवढ्यापुरते नव्व्याण्णव करायचे, पंखा कुजबुजल्यासारखा व्हायचा. पण चित्रं तयार होत असताना कधीच नाही केलं, शप्पथ!"

"आणखी कुणाला ही युक्ती माहीत आहे?"

"कुणाला असणार? साहेबांना स्क्रीनवरचा फोटो बदलायचा तरी मला हाक मारतात." तिचा आवाज चिरकला. "म्हणजे फिरून फिरून मीच, नाही का?"

तेवढ्यात दार ढकलून आवाजकाका आले. फिल्ममधले सगळे आवाज हेच काढायचे. आईचा, डॉक्टरांचा आणि चार वर्षांच्या पोराचाही. एरवी मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, आज साहेबांनी मुद्दाम बोलावलेलं.

"मला धरा, मला!" त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. "त्या पंख्याचा मी उघड वैरी आहे. मी प्रेमानं 'बाळा' म्हणावं आणि मागून त्यानं विमान उडवावं."

"शनिवारी कुठे होतात, काका?"

"घरी. भिंतीशी गप्पा मारत. भिंत साक्ष देईल का, ते मात्र विचारावं लागेल." ते हसले, मग हसू जरा लवकरच आवरलं. "खरं सांगू? अन्याय माझ्यावर झालाय इथे. त्या पोराचं मोजणं मी कसं झोकात केलं होतं, एक, दोन, तीन, चार! तर ड्रॉइंगबाई म्हणतात, मुलं अशी मोजत नाहीत, तीन गाळा. एक, दोन, चार! आयुष्यात कुणी माझा आकडा कापला नव्हता हो."

स्क्रूताईच्या ओठांतला स्क्रू टणकन फरशीवर पडला.

४

तो शोधायलाही ती वाकली नाही. लॅपटॉपपाशी गेली आणि जुन्या याद्या उघडल्या. मागच्या आठवड्याची. मागच्या महिन्याची. त्याच्या आधीची.

ज्या ज्या दिवशी दुपारी काम चालू होतं, त्या त्या दिवशी तेच. एक वाजून दहाला प्रोसेसर मंदावायचा आणि दीडनंतर दहा मिनिटांनी पुन्हा धावू लागायचा. तीन महिने. अर्धाच तास, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. शनिवारी तेवढं ते अर्ध्या तासानं संपलं नव्हतं.

म्हणजे हा घातपात नव्हता. ही कुणाची तरी सवय होती.

त्या वेळेला इथे कोण असतं? आवाजकाका आठवड्यातून दोनदा येणार, आणि याद्यांमध्ये तर सोमवारही होते, बुधवारही. साहेब रोज जेवायला घरी जायचे, परवा शनिवारीसुद्धा गेले होते. छोटी एकच्या ठोक्याला बाळाला भरवायला पाळणाघरात पळायची.

स्क्रूताईनं घड्याळ पाहिलं. एकला दहा कमी. तिनं लॅपटॉप उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन जागच्या जागी ठेवला. "जरा चालवून बघते, बाई," असं म्हणून राहिलेली चित्रं लावून दिली. पंखा भणाणू लागला.

मग ती नुसती बसून पाहत राहिली. ड्रॉइंगबाईंच्या खुर्चीच्या पायांनी फरशीवर एक अर्धवर्तुळ कोरलं होतं. टेबलापासून मागच्या भिंतीपर्यंत. आणि त्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, एक पुसट निळा डाग होता. रंगाचं बोट रोज त्याच जागी टेकावं तसा.

भिंतीपलीकडे ते कुलूप लागलेलं घर होतं.

आता कोण ते तिला कळलं, आणि का तेही कळलं. कोडं सुटलं की स्क्रूताईला एरवी हातावर टाळी द्यावीशी वाटायची. आज वाटलं नाही.

एक वाजून दहा मिनिटं झाली. बाईंनी डबा काढला. स्क्रूताईनं सेटिंग उघडलं, शंभर खोडले आणि नव्व्याण्णव लिहिले.

पंखा हळूहळू खाली बसत गेला.

ड्रॉइंगबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. झाकण बाजूला ठेवलं, खुर्ची त्या अर्धवर्तुळावरून अलगद फिरवली, दोन बोटं निळ्या डागावर टेकवली आणि भिंतीला कान लावला.

भिंत गप्प होती.

मग त्यांच्या लक्षात आलं. आधी पलीकडचं, की ते घर आता रिकामं आहे. मागोमाग अलीकडचं, की पंखा आज दुसऱ्याच कुणी गप्प केला.

५

"कोण राहायचं पलीकडे?" स्क्रूताईनं हळूच विचारलं.

बाईंनी भिंतीवरची बोटं काढून घेतली.

"मी त्यांना कधी पाहिलं नाही हो. एकदाही नाही. जिन्यात चाहूल लागली की मी थांबायचे, ते जाईपर्यंत. काय म्हणणार होते, मी तुमचं सगळं ऐकते म्हणून?" त्या ओशाळून हसल्या. "आई-बाबा कामावर जायचे. आजोबा आणि नातू, दोघंच. दुपारी आजोबा त्याला भरवायचे, एकेक घास मोजून. एक, दोन, चार. आजोबा रोज विचारायचे, अरे, तीन कुठे गेला? आणि तो म्हणायचा, तीन मी खाल्ला! रोज तेच, आणि रोज दोघं तेवढेच हसायचे. मीही हसायचे इकडे. तेवढा एक घास घशाखाली नीट उतरायचा."

"पण पंखा मध्ये यायचा."

"हं. छोटीचं बाळ इथे झोपायचं तेव्हा ती काय करते ते पाहिलं होतं मी. शिकायला काय, डोळे लागतात. रोज आधी करायचे नव्व्याण्णव, मग पुन्हा शंभर. शनिवारी मजूर आले, तेव्हा कळलं की ते निघाले. म्हटलं, जाईपर्यंत ऐकावं. पाचला कुलूप लागलं आणि मी शंभर करून ठेवले." त्यांनी मान वर केली. "पण मी एकच तर कमी केला, ताई. शंभरातला एक. एकानं काय होतं?"

स्क्रूताईला हेच सांगणं सगळ्यात जड गेलं.

"ते शंभर आपल्या मोजण्यातले शंभर नव्हेत, बाई. शंभरला दार उघडं, नव्व्याण्णवला बंद. एक काढला की सगळा बूस्ट जातो. अर्धा वेग."

"अर्धा..." बाईंच्या ओठांची हालचाल झाली. हिशेब लागत होता. "म्हणजे ते पोर उठलं नाही, ते माझ्यामुळे?"

"पन्नास चित्रं कमी पडली."

"आणि छोटी रडत होती सकाळी, ती..."

"साहेबांच्या खणात तिचं पत्र आहे. सहाला देणार आहेत."

हे बाईंना माहीत नव्हतं.

"मी असं करते," स्क्रूताई घाईनं म्हणाली, "सेटिंग चुकून बदललं गेलं, एवढंच लिहून देते. त्यात खोटं काही नाही. नाव घालायलाच हवं असं नाही."

ड्रॉइंगबाईंनी डब्याला झाकण लावलं. निळी बोटं रुमालाला पुसली, एकेक करून, सावकाश.

"तीस वर्षं शाळेत काढली मी. खोडी एकीची आणि बाकावर उभी दुसरी, असं माझ्या वर्गात कधी झालं नाही." त्या उठल्या. "साहेब आले का हो जेवून?"

६

दार बंद झालं. आतून आधी साहेबांचा आवाज चढला, मग बाईंचा खालच्या पट्टीतला. छोटी आणि स्क्रूताई बाहेर बाकावर बसून होत्या. मध्येच कागद फाटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. छोटीनं स्क्रूताईचा हात धरला, आणि आपला हात शेवटचा कुणी कधी धरला होता ते स्क्रूताईला काही केल्या आठवेना.

बाई बाहेर आल्या तेव्हा छोटी रडत रडत त्यांच्यावरच डाफरली. "मला एकदा बोलायचं ना, बाई! लॅपटॉप उचलून बाहेर ठेवला असता मी रोज! दोन मिनिटांचं काम!"

"सुचलंच नाही गं, बोलायचं असतं ते."

"साहेब काय म्हणाले?" स्क्रूताईनं विचारलं.

"रागावले. मग का केलं ते विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, मी दुपारी घरी जातो ना, तिथे कुणी नसतं. टीव्ही लावतो, बातम्या ऐकायला नाही, नुसता लावतो." बाईंनी खांदे उडवले. "म्हणाले, तुमचं नाव रुग्णालयाला कळवावं लागेल. म्हटलं, कळवा. शुद्धलेखन मी तपासून देते."

गुरुवारी डॉक्टरमंडळी आली. पडद्यावरचं मूल झोपलं, आणि शेवटच्या पन्नास चित्रांत त्यानं डोळे उघडले. "एक, दोन, चार" ला मुख्य डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "तो तीन परत घालू नका बरं का." आवाजकाकांनी कपाळावर हात मारला.

शुक्रवारी दुपारी एक वाजता स्क्रूताईच्या दुकानाच्या दारात ड्रॉइंगबाई उभ्या. हातात डबा.

"सुट्टी घेतली का?"

"जेवायची सुट्टी. तुमच्या या भिंतीपलीकडे कोण असतं?"

"शिंपी."

"बोलका आहे?"

"गिऱ्हाइकांशी भांडतो दिवसभर."

"मग बरं आहे," म्हणत बाईंनी स्टूल ओढलं. कोपऱ्यात भंगारातला लॅपटॉप घरघरत होता. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "हा कुणाचा दुरुस्तीला आलाय?"

"कुणाचा नाही."

वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे पाहावं तसं बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. स्क्रूताईनं हात लांब केला आणि लॅपटॉप बंद केला. घरघर थांबली. खोली क्षणभर फार मोठी वाटली, आणि मग भिंतीपलीकडून शिंप्याचा आवाज खणखणला, "बाही लांब नाही झाली, साहेब, तुमचा हातच आखूड आहे!"

दोघी एकदमच हसल्या.

बाईंनी डब्याचा पहिला कप्पा काढून आपल्यापुढे ठेवला. "एक." दुसरा त्याच्या शेजारी. "दोन." तिसरा हातात धरून त्या जरा थांबल्या.

"चार," स्वतःशीच म्हणाल्या.

"तीन कुठे गेला?" स्क्रूताईनं विचारलं.

बाईंनी तो कप्पा टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"तीन तुम्ही खायचा."